शेरखान आमच्या जिल्ह्यातला

शेरखान आमच्या जिल्ह्यातला होता. ही माहिती शाळेतल्या गुरुजींनी पुरवली आणि एकदा हाती आल्यावर आम्ही ती कुणाला विसरू दिली नाही. 1993 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. मालिका मूळची जपानी, निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली केलेली, 52 भागांची. ती हिंदीत आली तेव्हा शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजांनी लावली आणि शेरखानला आवाज मिळाला नाना पाटेकरांचा. नाना मुरूड-जंजिऱ्याचे. त्यांचा जन्म झाला तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं ते 1981 मध्ये. पण इतका बारीक हिशेब पोलादपूरच्या पोरांनी कशाला ठेवावा? किपलिंग तर मुंबईतच जन्मलेला, 1865 साली. म्हणजे लेखक मुंबईचा, वाघ मुरूडचा, मोगली तेवढा जपानवरून आलेला. अशा वेळी पोरं कुणाच्या बाजूनं उभी राहणार?

खेळताना मोगली व्हायला कुणीही तयार असे, कारण मोगलीला झाडावर चढायला मिळायचं. भांडण लागायचं ते शेरखान होण्यावरून. शेरखानला धावपळ नव्हती. एका जागी उभं राहायचं, मान किंचित तिरकी करायची आणि एकेक शब्द दाताखाली धरून सोडायचा. ज्याला ते जमेल तो वाघ. बाकीच्यांनी लांडगे व्हायचं, आणि लांडगे नेहमीच जास्त झालेले असायचे.

खरं सांगायचं तर शेरखान आम्ही पाहिला कमी आणि ऐकला जास्त. पोलादपूर म्हणजे डोंगरांच्या कुशीत घुसलेला तालुका. एका अंगाला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसरीकडे खेडात उतरणारा कशेडी. मुंबईहून येणाऱ्या लहरींना आमच्या वाडीपर्यंत पोचेस्तोवर कंटाळा येत असावा. वाडीत टीव्ही एकच, दोन बाजूंना सरकणाऱ्या दारांच्या लाकडी पेटीतला. घर कौलारू, वर चढलं की कौल फुटायचं, म्हणून अँटेना अंगणात उंच बांबूवर बांधलेली. एक पोरगा तो बांबू धरून उभा. तो फिरवणार, आतून कुणीतरी ‘आलं, आलं’ ओरडणार, त्यानं हात सोडला की परत मुंग्या. आवाज मात्र शाबूत. त्यामुळे पडद्यावर मुंग्यांचं वारूळ आणि त्यातून नानांचा आवाज, असा वाघ आम्हाला बहुतेक रविवारी भेटला. बांबूवाल्या पोराला तेवढंही नाही. त्याला मागाहून गोष्ट सांगावी लागे, आणि सांगणारा ती थोडी वाढवून सांगे. एका गड्यानं त्याला सांगितलं की आज शेरखाननं बल्लूला खाल्लं. पुढच्या रविवारी बल्लू जिवंत दिसल्यावर तो बिचारा म्हणाला, ‘हा दुसरा असेल.’

बल्लू खरोखरच दुसरा निघाला, पण पुढे. त्याच सुमाराला दूरदर्शनवर डिस्नेची ‘टेलस्पिन’ सुरू झाली आणि तिच्यात बल्लू विमान चालवायला लागला. शेरखान तिथंही होता. मात्र आता त्याच्या अंगावर सूट, गळ्यात टाय, बसायला उंच इमारतीतलं दालन आणि धंदा सगळीकडे पसरलेला. आम्हाला यात काही विचित्र वाटलं नाही. गावातला दांडगा माणूस मुंबईला जातो आणि शेठ होऊन दिसतो, हे आमच्याकडे ऐकून ठाऊक होतं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर ‘डकटेल्स’चं सांगतो. कार्ल बार्क्सनं 1947 साली काढलेला अंकल स्क्रूज, कोट्यवधी नाण्यांच्या कोठारात सूर मारून पोहणारा म्हातारा बदक. शहरातल्या मुलांना त्याचा पैसा आठवतो. मला त्याचं घर आठवतं. त्या घरात आईबाप नाहीतच. काका आहेत आणि पुतणे आहेत. डोनाल्ड पुतण्यांना स्क्रूजकडे ठेवून स्वतः नोकरीला निघून जातो. ही व्यवस्था ज्या कुणी अमेरिकेत बसून रचली, तो पोलादपुरात कधी आला नसणार, पण आमच्या अर्ध्या वाडीचं हेच चाललं होतं. पोरगा सातवी झाला की मुंबईला काकाकडे. काका लालबाग-परळला गिरणीत, राहायला गावकीची खोली, जेवायला खाणावळ. एका खोलीत गावचे पंधरावीस जण पाळीपाळीनं झोपायचे. पोहण्याइतकी नाणी तिथं कुणापाशी नव्हती, पण महिन्याची मनीऑर्डर निघायची आणि तिच्या कागदाच्या तळाशी जी चिमूटभर मोकळी जागा असे, तीत काका पावसापासून गुरांपर्यंत सगळी चौकशी बसवत. स्क्रूजही मूळचा स्कॉटलंडचा, पोट भरायला समुद्र ओलांडून गेलेला. कंजूष म्हणून लोक त्याला हसत. आमच्या आईला तो कंजूष वाटलाच नाही. ‘घरच्या तीन पोरांना सांभाळतोय ना,’ म्हणाली, ‘मग कंजूष कसा?’

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरचा स्क्रूज एक लोखंडी ट्रंक घेऊन गावी आला. संप काही मिटला नाही, ट्रंक घरीच राहिली. मला वाचता यायला लागलं तेव्हा तिच्यात धोतराच्या खाली ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा गठ्ठा सापडला. टाइम्स ऑफ इंडियानं 1964 साली सुरू केलेली ही पुस्तकं 1990 मध्ये बंद पडली. काकानं ती रद्दीवाल्याकडून उचललेली असणार, कारण बऱ्याच पुस्तकांना कव्हर नव्हतं आणि एकाही गोष्टीचा पुढचा भाग नव्हता. त्यांत मँड्रेक होता, बहादूर होता आणि होता वेताळ. ली फॉकचा 1936 सालचा फँटम मराठीत वेताळ झाला होता. अंगाला घट्ट चिकटलेले कपडे, डोळ्यांवर पट्टी, बोटात कवटीची अंगठी, कवटीच्या आकाराच्या गुहेत मुक्काम. बाप मेला की मुलगा तोच वेष चढवतो, असा हा एकविसावा. लोकांना मात्र वाटतं की चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय.

आता आमच्या वाडीच्या शिवेवर वेताळ होताच. शेंदूर फासलेले धोंडे, वर्षातून एकदा नारळ-कोंबडा, अमावास्येला त्या बाजूला जायचं नाही. रात्री तो पलित्यांसकट फेरी काढतो आणि कुणी वाटेत सापडलं तर कुस्तीला बोलावतो, असं आजी सांगायची. त्यामुळे पुस्तकातला वेताळ मला अनोळखी नव्हता, फक्त त्याचं सुखवस्तू राहणं पटत नव्हतं. घोडा आहे, कुत्रा आहे, शहरात एक मैत्रीण आहे. मी आजीला चित्रं दाखवली. तिनं चष्म्यातून नीट पाहिलं आणि विचारलं, ‘ह्याला कोंबडा कोण देतो?’ मी म्हटलं, कुणी नाही. तिनं पुस्तक परत दिलं.

पराक्रमी पुरुषांच्या बाबतीत आमचा तालुका तसा आधीच भरलेला होता. उमरठ पोलादपूर तालुक्यात. तिथं तानाजी मालुसऱ्यांचं घर. 1670 च्या फेब्रुवारीत मुलाचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेलेला माणूस. दंतकथेत त्याच्याबरोबर यशवंती नावाची घोरपड आहे, जिच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले. इतिहासकार या घोरपडीकडे काणाडोळा करतात, पण मुलांच्या दृष्टीनं कथेतलं सगळ्यात मोलाचं पात्र तेच. दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ लागायचा तेव्हा त्याच्या भित्र्या हिरव्या वाघाची नि यशवंतीची तुलना होणं अटळ होतं. वाघ घाबरून थरथरायचा आणि मंत्र म्हटल्यावर शूर व्हायचा. यशवंतीला मंत्र लागत नव्हता. शिवाय घोरपड आम्ही पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर पाहिलेली होती. चालताना तिची शेपूट जमिनीवर जी वळवळती रेघ ओढते, ती ओल्या मातीत दुपारपर्यंत टिकते. हिरवा वाघ कुणी पाहिला होता?

मात्र सगळ्यात मोठा वाद घरात झाला तो उंदरावरून.

महाडच्या बाजारपेठेत आत्याकडे केबल आली आणि तिच्याबरोबर कार्टून नेटवर्क. हे चॅनेल आपल्याकडे 1995 साली आलं. आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याकडेच राहिली होती, डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला-निवडायला मनाई. डॉक्टरांनी टीव्हीसुद्धा नको म्हटलं होतं, पण आजीच्या मते ज्यात माणसं नाहीत तो टीव्ही नव्हे. त्यामुळे ती नातवंडांबरोबर ‘टॉम अँड जेरी’ बघू लागली. हाना आणि बार्बेरा या जोडीनं 1940 मध्ये सुरू केलेली ही मारामारी. तिला सात ऑस्कर मिळाले. संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणून भाषेची अडचण नाही. सगळी पोरं जेरीवर खूश. टॉमच्या तोंडावर इस्त्री बसली की टाळ्या. आजी गप्प. दोन-तीन दिवस तिनं सोसलं, मग एका दुपारी म्हणाली, ‘हसताय काय मेल्यांनो? मांजर त्याचं काम करतंय. त्या उंदरानं खाल्लंन् ते कुणाचं?’

हा प्रश्न त्या कार्टूनला जगात आणखी कुणी विचारलाय की नाही, देव जाणे. पण भातावर जगणाऱ्या घरात तो पहिलाच सुचतो. आमच्या माजघरात बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली कणगी होती. वर्षाचं भात त्यात. उंदीर खालच्या कडेला, जिथं सारवण पातळ झालेलं असे, बरोबर तिथंच भोक पाडायचे. सकाळी कणगीच्या बुडाशी भाताची बारीकशी रास आणि तिच्यात निम्मी टरफलं दिसली की आजीचा चेहरा बदलायचा. ती खाली बसून आधी चांगले दाणे निवडून घ्यायची, मग शेण-माती कालवून भोक बुजवायची, आणि मग मांजराला शोधायला निघायची. मांजराला घरात दूध मिळायचं ते या एका नोकरीबद्दल. शेतात धामण दिसली तर तिला कुणी मारत नसे, तीही याच खात्यात.

जेरीच्या बिळात पलंग असतो, आरामखुर्ची असते. भातकापणीनंतर कातकरी बांधावर यायचे आणि पहारीनं बिळं उकरायचे, तेव्हा खरं बीळ पाहायला मिळे. भोक वरून रुपयाएवढं. आत हातभर गेल्यावर ते रुंदावायचं आणि तिथं तोडून नेलेल्या लोंब्यांची कोठी. ओंजळींनी बाहेर काढलेलं भात मडक्यात भरलं जायचं. ते भात कातकऱ्यांचं, यावर शेताचा मालकही हरकत घेत नसे. उंदीरही त्यांचेच, भाजून खायला. आजी बांधावर उभी राहून बघायची. लोंब्या बाहेर येऊ लागल्या की तिच्या तोंडून संतापाबरोबर थोडं कौतुकही निघून जायचं: ‘बघ कसा भरून ठेवलान्!’ म्हणजे उंदराची हुशारी तिला नामंजूर नव्हती. त्या हुशारीवर हसणं नामंजूर होतं.

मिकी माऊसला तर तिनं दारातच अडवलं. 1928 साली जन्मलेला, सगळ्या जगानं मांडीवर घेतलेला मिकी आत्येभावाच्या झबल्यावर छापलेला होता. ‘बाळाच्या अंगावर उंदीर कशाला?’ एवढंच तिनं विचारलं. महाडच्या माणसाला हा प्रश्न वेडगळ वाटणार नाही. सावित्रीला पूर येतो, पाणी बाजारपेठेत शिरतं, टीव्ही आणि गाद्या माळ्यावर जातात. 2005 च्या जुलैत हेच झालं, 2021 च्या जुलैतही हेच. पाणी ओसरलं की चिखल, आणि चिखलापाठोपाठ लेप्टोची भीती. तो रोग उंदराच्या मुतातून पाण्यात येतो हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. (पुरात मगरी नदीतून वस्तीत आल्याच्या गोष्टीही इथं घरोघरी आहेत. सावित्रीत मगरी आहेत, आणि कार्टूनमधल्या मगरींसारख्या त्या मूर्ख नाहीत.)

आजीच्या दरबारात निर्दोष सुटले ते उंदीर दोनच. एक गणपतीचा. पेणहून आलेल्या मूर्तीच्या पायाशी लाडू धरून बसलेला, नाकाला गुलाबी ठिपका, बहुधा कारखान्यातल्या सगळ्यात नव्या पोरानं रंगवलेला आणि म्हणून दर वर्षी वेगळ्या तोंडाचा. गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे सापळा लावत नसत. दुसरे ‘एक अनेक और एकता’मधले. फिल्म्स डिव्हिजनचा हा छोटा चित्रपट 1974 सालचा, विजया मुळे यांचा, त्यातली चित्रं भीमसेन यांची. संगीत वसंत देसाईंचं, आणि त्यात गाणारी लहान मुलगी म्हणजे पुढे मोठी गायिका झालेली साधना सरगम. देसाई कुडाळकडचे, साधना सरगम दाभोळच्या. कोकण कुठं कुठं जाऊन बसतं बघा. शिकारी जाळं टाकतो, चिमण्या एकजुटीनं जाळं घेऊन उडतात, आणि शेवटी उंदीर येऊन ते जाळं कुरतडतात. दूरदर्शन दोन कार्यक्रमांच्या मधे हा तुकडा कितीदा लावायचं! ‘हे उंदीर कामाचे,’ आजीनं निकाल दिला होता. एकजुटीबद्दल ती काही बोलली नाही. ती तिला नवी नसावी.

कागदावरचा माझा लाडका मात्र चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 21 नोव्हेंबर 1991 पासून ‘सकाळ’मध्ये रोज आणलेला. आमच्या घरी पेपर येत नव्हता. चिंटू आमच्याकडे शेंगदाण्याबरोबर यायचा, वाण्याच्या पुडीतून. पुडी सोडवून कागद मांडीवर सपाट करायचा, तेलाच्या डागांतून पलीकडच्या पानावरच्या बातम्या दिसायच्या, आणि बहुतेक वेळा शेवटची चौकट फाटून गेलेली असायची. मिनी काहीतरी बोलली आहे, पप्पू बघतो आहे, चिंटूनं तोंड उघडलं आहे, आणि तिथं कागदच संपला. मग आम्ही भावंडं त्याच्या तोंडी वाक्य घालायचो. मोठेपणी चिंटूचे संग्रह हाती आले तेव्हा त्यांतले काही विनोद ओळखीचे निघाले, आणि काहींचे शेवट आमचे जास्त बरे होते असं मला अजून वाटतं. त्याचं जग पुण्याचं होतं. सोसायटी, जोशी काकू, क्रिकेटच्या चेंडूनं फुटणारी काच. आमच्याकडे फुटायला काच नव्हती. भात कापून झालं की खाचरात क्रिकेट, आणि चेंडू धसकटांवर पडला की कुठं उडेल ते सांगता येत नसे. तरी चिंटू आपला वाटायचा, कारण त्यालाही सारखं दुकानात पिटाळत.

आता भाचा पाच वर्षांचा आहे आणि शुद्ध हिंदीत हट्ट करतो. डोरेमॉन, शिनचान आणि 2008 पासून ‘पोगो’वर ढोलकपूर सांभाळणारा छोटा भीम, हे त्याचे गुरुजी. यावर गळे काढणारी मंडळी घरात आहेत. मला त्यात सूर मिसळवत नाही. आमचं हिंदी तरी कुणी शिकवलं होतं? शेरखाननंच. आमच्या तोंडी ते धमकीपुरतं होतं, याच्या तोंडी मागणीपुरतं आहे, इतकाच फरक.

गेल्या वर्षी त्याच्या अंगणवाडीच्या भिंती रंगवायला महाडचा एक पेंटर आला होता. जुना माणूस. तरुणपणी हार्डवेअरच्या दुकानांवर गट्टू काढायचा, आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेला, डोळ्यावर झुलूप आलेला ब्रशवाला पोरगा. हायवेच्या टायरवाल्यांसाठी एमआरएफचा पैलवानही त्यानं शेकड्यांनी काढला असेल. फ्लेक्स आले आणि हाताचं काम गेलं. आता शाळा-अंगणवाड्याच काय त्या उरल्यात. त्यानं डोरेमॉन काढला, निळा, गोल, पोटावर खिसा, आणि डोक्यावर दोन टोकदार कान. पोरांनी गिल्ला केला. डोरेमॉनला कान नसतात, ते उंदरानं कुरतडले, म्हणून तर तो उंदराला घाबरतो, हे त्यांनी पेंटरला एकाच वेळी सगळ्यांनी मिळून सांगितलं. पेंटरनं ऐकून घेतलं.

‘मांजर आहे का नाही?’

‘आहे.’

‘मग कान राहू देत. आणि उंदराला भिणारं मांजर मी काढत नाही.’

अंगणवाडीच्या ताईंनी रंग संपल्याचं सांगून वाद मिटवला. पलीकडच्या भिंतीवर छोटा भीम आहे. त्याला मिशा आहेत.